आई गाडीतनं उतरत न्हाई

१

मी तिला फिरवत न्हाई. आधी ऐक. काल फोनवर लई तोंड सुटलं होतं तुझं. मला म्हणलास, बेलईद, इद्दतीत बसलेल्या आईला तू समुद्र दाखवत हिंडतोयस, गावात तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाईस. गावाचं मला सांगतोस? तू तिकडं फ्रान्समधी गरम खोलीत बसतोस. बाबाच्या मातीला आलास ते परतीचं तिकीट खिशात घालूनच. दोन दिवसांनी गेलास. त्यानंतर कड्यावर उभ्या गाडीत आईला रोज जेवण कुणी नेलं? माझ्या बायकोनं. गाढवावर बसून, वाऱ्यात. तुझ्या बायकोनं न्हाई.

आन् वर फोन आपटलास. धाकटा असून. बरं.

म्हणून हे बोलून पाठवतोय. मला लिहिता येत न्हाई, ते तुला चांगलं ठावं आहे. इथं रेंज फक्त एका उंचवट्यावर येते, कोळ्याच्या झोपडीपाशी. तुटलं की परत बोलीन. बिही, भावा, सगळं ऐकायचं. एक पण तुकडा सोडायचा न्हाई. मी चिडलेलो न्हाई. म्हणजे चिडलोय, पण त्यासाठी बोलत न्हाई.

२

तू गेलास आन् मी मशिदीत इमामाकडं, सी तय्यबकडं गेलो. नवरा गेला की बाईनं इद्दतीत चार महिने दहा दिवस पांढरं नेसून घरात बसायचं, हे मला पण कळतं. पण कुठल्या घरात?

तो म्हणला, "नवरा गेला तेव्हा ती ज्या घरात राहत होती, तिथं."

"घर न्हाई, गाडी आहे."

"आत झोपायचे?"

"व्हय."

"आत शिजवायचे?"

"व्हय. शेगडी आहे, मोरी आहे, मागं पलंग आहे. फ्रान्सवरनं आणलीय त्यानं."

"मग घरच की."

"त्याला चाकं आहेत, सी तय्यब."

दाढी खाजवत बसला बराच वेळ. मग म्हणतो, "चाकांबद्दल कुठं काही लिहिलेलं न्हाई."

तर ती गाडीत बसली. इफ्नीच्या खाली, कड्यावर, बाबा जिथं गेला तिथंच. चार महिने बसली. मग सरकारी माणूस आला, रस्ता रुंद होतोय म्हणला, गाडी हलवा. मी आईला म्हणलं, चल, आपल्या अंगणात लावू. कोंबड्या आहेत, नातवंडं आहेत, तुझ्या चुलीवर तू.

म्हणली, "त्या अंगणात न्हाई."

"का ग आये?"

"का ते तुला ठावं आहे."

 मग तीच म्हणली, "घर हलवायचंच आहे तर खाली दक्षिणेला हलव. त्याला तरफायापर्यंत जायचं होतं. दर हिवाळ्यात निघायचा आन् दम संपला की अर्ध्यातनं वळायचा."

मी म्हणलं, "इद्दतीत घर सोडता येत न्हाई."

म्हणली, "मी कुठं सोडतीय? घरात बसूनच येतीय."

आता तू एवढा शिकलेला. सांग, ह्याला मी काय उत्तर द्यायचं होतं?

३

पहिला मुक्काम असाका नदीच्या तोंडाशी. सरदीन मासे भाजले, जवाची भाकरी, आर्गनच्या बियांच्या तेलात बुडवून खाल्ली. आई बरी होती. समुद्राकडं बघून म्हणली, "इथं कालवं चांगली असतील, कुणी काढत न्हाई वाटतं." आयुष्यभर खडकावरनं कालवं खरवडलेली बाई, तिला दुसरं काय दिसणार.

मी पुढं सीटवर झोपलो, ती मागं पलंगावर. जागा उताराची होती. बाबाच्या लाकडी पाचरी पडल्या होत्या गाडीत, त्यानं हातानं तासलेल्या. तो कुठं पण थांबला की आधी टेबलावर पेल्यात पाणी ठेवायचा, पाणी एका अंगाला गेलं की त्या चाकाखाली पाचर घालायचा, परत बघायचा. त्यात अर्धा तास. मला कुठला धीर? मी तसाच झोपलो. रातभर दारावर घसरत होतो, मान धरली.

सकाळी आईनं चहा ओतला. पेला टेबलावर ठेवला. चहा सरळ उभा, काठाला काठ.

मी खाली उतरून बघितलं. डाव्या अंगाच्या दोन्ही चाकांखाली पाचरी.

आता नीट ऐक. पाचर हातानं सरकवता येत न्हाई. ती चाकासमोर ठेवायची, गाडी चालू करायची आन् वर चढवायची. इंजिन लावल्याशिवाय व्हायचं न्हाई. चावी माझ्या पॅन्टच्या खिशात होती आन् पॅन्ट माझ्या अंगात होती.

मी म्हणलं, झोपेत मीच केलं असंल. दमलेलो होतो. माणूस झोपेत काय काय करतो.

"आये, तू केलंस का?"

ती हसली. "मी गाडी चालवू? ह्या वयात?"

"मग?"

"तुझ्या बापाला तिरपं झोपवत न्हाई," म्हणली, आन् साखर ढवळली. साधं, सहज. पाऊस येईल असं म्हणावं तसं.

४

तानतानच्या किनाऱ्याला दुपारी थांबलो. धुकं होतं, समुद्र दिसत नव्हता, नुसता ऐकू यायचा. मी पुढं डोळ्यावर टोपी घेऊन पडलो. आई मागं मसूर निवडत होती. खडे काढून मसूर ताटात टाकायची, टिक, टिक.

तू ह्या गाडीत कधी राहिला न्हाईस. कुणी पायरीवर पाय ठेवला ना, की सगळी गाडी त्या अंगाला बसते. माणूस आत आला की परत सरळ होते, पण त्याच्या वजनानं थोडी खालीच राहते. बाबा जड होता. एक पाय ठेवायचा, चौकट धरून थांबायचा, दम घ्यायचा, मग दुसरा.

गाडी बसली.

दाराच्या अंगाला, हळू. थांबली. मग सरळ झाली.

मसूर पडायचं थांबलं. मग परत सुरू. टिक, टिक.

मी म्हणलं, "आये, कोण आलं?"

"कोण यायचंय?"

"दार उघडं आहे का?"

"उघडंच असतं दिवसा."

मी म्हणलं वारा असंल. किनाऱ्यावर वारा गाडी हलवतोच. पण वारा हलवतो आन् सोडतो. मी वाट बघत पडलो, की जो चढला तो उतरंल, गाडी वर येईल. उठलो न्हाई. उठलो असतो तर माझंच वजन हललं असतं आन् मला कळलं नसतं. दिवस बुडेपर्यंत तसाच पडलो, लघवी दाबून.

गाडी वर आली न्हाई.

शेवटी खाली उतरलो. मागचं चाक आन् त्यावरचा पत्रा, यांच्या मधी माझी चार बोटं मावायची. आता दोनच मावत होती. चाकात हवा बघितली, दगडासारखं कडक. पाण्याची टाकी बघितली, अर्धीच होती. दोन बोटं कुठं गेली, मला सांग.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या सीटवर पांढरे कपडे घडी करून ठेवलेले.

आई मागं बसलेली, निळं नेसून. ईदला नेसते ते. डोळ्यात सुरमा. आन् दोन्ही हातांना मेंदी लावून वर फडकी बांधलेली.

इद्दतीचे अजून नऊ दिवस बाकी होते.

मी म्हणलं, "हे काय ग? कुणी बघितलं तर?"

"बघू दे."

"कुणासाठी नटलीस?"

लाजली, बिही. बासष्ट वर्षांची आपली आई, मान खाली घालून लाजली.

"एका हाताचं फडकं तू बांधलंस," मी म्हणलं. "दुसऱ्या हाताचं कुणी बांधलं?"

"तू लहानपणापासनं असाच. सगळ्यात चूक काढायची."

मी दारावर मूठ मारली. ओरडलो. काय ओरडलो ते नको विचारू. ती घाबरली न्हाई. नुसतं बोट ओठावर ठेवलं, फडक्यातलं.

"हळू," म्हणली. "आत्ता कुठं डोळा लागलाय."

कुणाचा, ते मी विचारलं न्हाई. मी, बेलईद, जो बाजारात पोलिसाच्या अंगावर जातो, मी न विचारता खाली उतरलो आन् वाळूत बसलो.

तिथं बसून मला काय आठवलं ते सांगतो. तुला वाटतं बाबा हौसेनं गाडीत राहायला गेला. तू सगळ्यांना फोटो दाखवलेस, आमचा म्हातारा बघा, गोऱ्यांसारखा गाडी घेऊन फिरतो. हौस न्हाई ती. तीन वर्षांमागं तो अंगणात खोकत होता, काळं थुंकायचा, फ्रान्समधल्या कोळशाच्या खाणीतलं. माझं लेकरू तापानं पडलेलं, दोन रात्री आम्ही झोपलो नव्हतो. मी बाहेर आलो आन् म्हणलं, "आयुष्यभर फ्रान्समधी राहिलास आन् खोकायला तेवढा इथं आलास?" त्यानं चपला घातल्या. दारातनं बाहेर पडताना एवढंच म्हणला, ह्या अंगणात मी परत पाय ठेवणार न्हाई. आन् आई त्याच्या मागनं उशी घेऊन गेली.

हे मी कुणाला सांगितलं न्हाई. तिनं पण न्हाई.

संध्याकाळी मी तिला म्हणलं, परत फिरू. ती म्हणली, "मला तरफाया बघू दे. ते बघितलं की मी तुझ्या घरी येते, तू म्हणशील तिथं बसते." हात धरून म्हणली. बिही, मला ती घरी पाहिजे होती. बाबाला आणू शकलो न्हाई, निदान तिला आणावं. एवढ्यासाठी मी गाडी पुढं हाकली. हिंडायला न्हाई.

६

अखफेनीरच्या पुढं रस्ता कड्याच्या कडेनंच जातो. तरफाया अर्ध्या दिवसावर. आईनं मागनं माझ्या सीटच्या पाठीवर टकटक केलं.

"इथं थांब."

"इथं काय आहे?"

"इथनं चांगलं दिसंल म्हणतोय."

थांबलो. जागा वाईट आहे, तेव्हाच कळलं मला. कडा खालनं पोकळ. लाट आत शिरते आन् तुझ्या पायाखाली, जमिनीच्या पोटात, दणका बसतो. माणूस उभा असतो कोरड्या जमिनीवर आन् समुद्र त्याच्या खाली. म्हणून गाडी लांब लावली. तोंड रस्त्याकडं, पाठ समुद्राकडं. मागच्या काचेपासनं कड्यापर्यंत पावलं मोजली. चाळीस. हँडब्रेक ओढला, गिअरमधी टाकली, चारी चाकांना दगड लावले.

सकाळी गाडी चालू होईना. चावी फिरवली की नुसतं खट्ट.

आन् एक माणूस काचेवर टकटक करत होता. सुवैलम. सहारावी आहे, वाळवंटातल्या तंबूवाल्यांतला, कड्यावरनं लांब गळ टाकून मासे धरतो, चाळिशीचा, पुढचे दोन दात न्हाईत.

"काय रे उत्तरेकडच्या, समुद्रात आंघोळीला चाललास का गाडीसकट?"

"का?"

"लई जवळ लावलीस. मागल्या हिवाळ्यात इथनंच एका खोलीएवढा तुकडा खाली गेला. सांगून जात न्हाई तो."

"चाळीस पावलं आहेत."

"तुझी पावलं कोंबडीची का रे?"

मी उतरून मोजली. अठ्ठावीस.

परत मोजली. अठ्ठावीस. दगड होते, रस्त्याच्या अंगाला, ओळीत, जिथं मी ठेवले तिथंच. चाकं त्यांच्यापाशी नव्हती.

मी म्हणलं, धुक्यात काल चुकलं असंल मोजणं. सुवैलमला तसं म्हणलो पण. तो दगडांकडं बघत होता. हसला न्हाई परत.

त्या दिवशी आईनं जेवण केलं. तीन भाकरी भाजल्या. मी एक खाल्ली, तिनं अर्धी. ताट उचलायला गेलो तेव्हा काहीच उरलं नव्हतं.

७

दुसऱ्या सकाळी एकोणीस.

मी सुवैलमकडं गेलो, म्हणलं ओढून दे, पाय धरतो. त्याची जुनी लँडरोव्हर आहे. दोर आणला, आमच्या गाडीच्या पुढं खाली झोपून गाठ मारली. गाणं म्हणत होता, माझ्या चपलांवरनं चेष्टा करत होता.

उठून हात झटकले आन् समोरच्या काचेकडं बघितलं.

गाणं थांबलं. त्यानं उजवा हात छातीवर ठेवला आन् मान झुकवली. वडीलधाऱ्या माणसाला करतात तसा सलाम.

आई मागं होती, बिही. पडद्याआड. मला तिचं भांड्यांचं वाजवणं ऐकू येत होतं. पुढच्या काचेत मला आभाळ तेवढं दिसलं, पांढरं.

त्यानं खाली बसून गाठ सोडायला घेतली.

"काय झालं रे?"

"आमच्यात माणसं आत असताना तंबू उखडत न्हाईत."

"म्हातारीला उतरवतो ना मी!"

"तू आधी विचार घरात," म्हणला. दोर गुंडाळला. माझ्याकडं बघितलं न्हाई. जाताना एक मासा पायरीवर ठेवून गेला, पैसे न घेता, पाहुण्याच्या घरी ठेवावा तसा.

८

तिसऱ्या सकाळी अकरा.

मग मी डोकं चालवलं. म्हणलं, गाडी रिव्हर्स गिअरमधी आहे, वायर कुठंतरी लागत असंल, स्टार्टर थोडा थोडा ढकलत असंल. असं होतं, माझ्या जुन्या गाडीला झालेलं. म्हणजे हे विजेचं काम आहे. वीज काढली की संपलं. पाना घेतला, बॅटरी खोलली, दोन्ही हातात उचलून सुवैलमच्या झोपडीकडं निघालो. अंगातनं घाम, पण बरं वाटत होतं. चार दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

भर दुपार होती. धुकं कड्यावर चढून आलेलं. अर्ध्या वाटेवर दम घ्यायला थांबलो आन् मागं वळून बघितलं.

आई गाडीच्या मागं उभी होती, कड्याच्या टोकावर, समुद्राकडं पाठ करून. निळं नेसलेली. हात वर करून बोटांनी बोलवत होती. ये, ये, अजून ये. बाबा गाडी मागं घ्यायचा तेव्हा ती अशीच मागं उभी राहायची. मी शंभर वेळा बघितलंय.

आन् गाडी येत होती तिच्याकडं. आवाज न्हाई, काही न्हाई. चाकाखालचे खडे तेवढे चुरचुरत होते. हळू, जपून, थोडं डावीकडं, परत सरळ. चांगल्या हाताखाली असल्यासारखी.

मला ओरडता येईना.

मग तिनं दोन्ही तळवे पुढं केले. थांब.

गाडी थांबली. आन् तिच्या तळव्यांवर लाल उजेड पडला. मेंदीवर, निळ्या कपड्यावर, तोंडावर. ब्रेक दाबला की मागं लागतो तो लाल दिवा, धुक्यात पसरलेला. ती त्या उजेडात हसत होती.

बॅटरी माझ्या हातात होती, बिही. दोन्ही हातांनी छातीशी धरलेली.

९

आता पाच पावलं आहेत.

पोलीस आणले मी. दोन पोरगेलेसे. आईनं दारात येऊन त्यांना चहा दिला. म्हणली, "हे माझं घर आहे, हा माझा थोरला, जरा डोक्यानं गरम आहे." त्यांनी चाकं बघितली, चारी पाचरी नीट लावलेल्या, गाडी पाण्यासारखी सपाट. मलाच म्हणले, "म्हातारीला छळू नको." गेले.

मी आत जाऊन तिचा दंड धरला. ओढली. खरं सांगतो, जोरानं ओढली. ती ओरडली न्हाई, रडली न्हाई. माझ्याकडं बघून म्हणली, "त्याला तू घरातनं काढलंस. आता मला पण काढतोस?"

माझा हात सुटला. परत उचललाच न्हाई. उचलवत न्हाई.

मी दारात बसून राहिलो आन् पलंगाकडं तोंड करून माफी मागितली. मोठ्यानं. बाबा, चुकलो. पोरगं तापलेलं होतं, मी झोपलो नव्हतो, चुकलो. सगळं सांगितलं. आई ऐकत होती, मान हलवत होती. मग तिनं पलंगाकडं बघितलं, थोडा वेळ, कुणी बोलत असताना बघतात तसं. माझ्याकडं वळली आन् म्हणली, "त्याचा राग गेलाय रे, पोरा. तू जा घरी."

"मग तू पण चल."

"मी कशी येऊ? त्याला अजून खालचं पाणी दिसत न्हाई. जरासं मागं घ्यायला लागंल."

तिला बरं वाटतंय, बिही. हे मला सोसत न्हाई. तीन वर्षांत तिला एवढी खूष बघितली न्हाई मी. गाणं म्हणत केस विंचरते.

माझं ती ऐकणार न्हाई, तो पण न्हाई. मी जे बोललो ते बोललो. तू त्याला जन्मात कधी उलटा शब्द बोलला न्हाईस. तू पैसे पाठवलेस, फोटो काढलेस, तुझं नाव घेताना त्याचं तोंड उजळायचं. तू दारात उभा राहिलास तर तो गाडी थांबवंल. तू हात दिलास तर ती उतरंल. दुसरं कुणी न्हाई.

मी दिवसा कड्याच्या अंगाला, मागच्या चाकापाशी बसतो. काही उपयोग न्हाई, ठावं आहे मला. तरी बसतो.

सुट्टी मिळत न्हाई, तिकीट महाग आहे, बायको काय म्हणंल, ते मला ऐकायचं न्हाई. ह्याला उत्तर पाठवू नकोस. अगादीरला उतर, टॅक्सी धर, अखफेनीर सांग. आज निघ.